महागडा डेस्कटॉप हेडफोन अ‍ॅम्प घ्यावा का? खान्देशातल्या मित्रांचे नेहमीचे प्रश्न

मी जळगावचा. भुसावळ, धुळे, चोपडा, शिरपूरकडची हेडफोनवेडी मंडळी गेली काही वर्षं हेडफोन अ‍ॅम्पबद्दल, म्हणजे हेडफोनला जोर पुरवणाऱ्या टेबलावरच्या पेटीबद्दल, मला जे विचारत आलीत ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतोय. इथे मोठा अ‍ॅम्प लावून ऐकायला मिळेल असं दुकान जवळपास नाहीच, मुंबई-पुण्याला जावं लागतं, म्हणून बहुतेक जण न ऐकताच ऑनलाइन मागवतात आणि मग पैसे वाया गेले म्हणून हळहळतात. ते होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

भाऊ, एका वाक्यात सांगा, घेऊ का नको?

आधी हेडफोन कोणता ते सांगा. ते कळल्याशिवाय याचं उत्तर देणं म्हणजे विहीर किती खोल आहे ते न बघता मोटार घेण्यासारखं आहे. पण अंदाजच हवा असेल तर मला विचारणाऱ्या बहुतेकांना दहा-बारा हजारांच्या वर जायची गरज नव्हती, आणि काहींना तर अ‍ॅम्पचीच गरज नव्हती.

माझ्या हेडफोनला अ‍ॅम्प लागतो हे कसं ओळखायचं?

बॉक्सवर दोन आकडे असतात, एक ओहम, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा (इम्पिडन्स), आणि दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेत किती डेसिबल आवाज निघतो ते. दोन्ही एकत्र बघायचे, एकट्या ओहमवरून काहीच ठरत नाही. सेन्सिटिव्हिटी कधी एका मिलिवॅटला देतात कधी एका व्होल्टला, ते नीट वाचा, कारण इथेच लोकांचा हिशोब चुकतो.

मी ११० डेसिबलचं टोक धरून हिशोब करतो. म्हणजे गाण्यातला तबल्याचा एखादा जोरकस ठोका तिथपर्यंत गेला तरी अ‍ॅम्पचा दम संपू नये, रोज तेवढ्या आवाजात ऐकायचं असं नाही.

ऑडिओ टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स घ्या. ३८ ओहम, एका मिलिवॅटला ९९ डेसिबल. ११० ला जायला साधारण साडेबारा मिलिवॅट लागतात, व्होल्टमध्ये ०.७ च्या आसपास. अ‍ॅपलचा टाइप-सी डोंगल, अमेरिकेत मिळतो तो, जवळपास १ व्होल्ट देतो (युरोपातला त्याच्या निम्मा), म्हणजे या हेडफोनचं काम त्या एवढ्याशा वायरच्या तुकड्यात झालं. सेनहायझर एचडी ६५० ला ३०० ओहम आणि एका व्होल्टला १०३ डेसिबल, याला सव्वादोन व्होल्ट लागतात पण पॉवर म्हणाल तर जेमतेम १७ मिलिवॅट. हायफायमॅन सुंदरा ३७ ओहम, ९४ डेसिबल, त्याला ४० मिलिवॅट. आणि त्याच कंपनीचा जुना एचई-६ बघा, ५० ओहम पण एका मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल, याला साडेचारशे मिलिवॅटच्या जवळ लागतात, पावणेपाच व्होल्ट! याच्यासाठी दमदार अ‍ॅम्प घ्यावाच लागतो, त्यात वाद नाही.

आता ऑनलाइन दिसणाऱ्या अ‍ॅम्पचे आकडे बघा, फिओ के७ सारखा डॅकसकटचा (डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग) अ‍ॅम्प बॅलन्स्डमधून, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीतून, ३२ ओहमला २००० मिलिवॅट देतो. तुम्हाला लागतात १७ किंवा ४०. उरलेली पॉवर पडून राहते.

ओहम जास्त म्हणजे अ‍ॅम्प मोठा, बरोबर ना?

नाही. हे मी केळीवाल्या मित्राला मोटारीवरून समजावलं होतं आणि त्याला पटकन कळलं, म्हणून तेच सांगतो. मोटार घेताना आपण हेड विचारतो आणि डिस्चार्ज विचारतो. हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं, डिस्चार्ज म्हणजे किती पाणी फेकायचं. व्होल्टेज हे हेड, करंट हा डिस्चार्ज. ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनला हेड जास्त लागतं पण पाणी थोडंच. कमी ओहमच्या, वाजवायला जड अशा प्लेनार (पातळ सपाट पडद्याच्या) हेडफोनला पाणी भरपूर लागतं. फोनची मोटार दोन्हीत लहान असते, पण कान जवळ असल्यामुळे बऱ्याच हेडफोनला तेवढ्यातही भागतं.

आणखी एक, आवाज दुप्पट मोठा वाटायला पॉवर दुप्पट करून चालत नाही, साधारण दहापट लागते. दुप्पट पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल. त्यामुळे ५०० मिलिवॅटवाला सोडून १००० मिलिवॅटवाला घेतला तर जाणवेल असं फारसं काही होत नाही.

मग महाग अ‍ॅम्पमध्ये जास्तीचे पैसे कशाचे घेतात?

पॉवर, चांगला व्हॉल्यूम कंट्रोल, जास्त इनपुट-आउटपुट, रिमोट, जड अ‍ॅल्युमिनियमची पेटी, आतला मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि नाव. यातलं व्हॉल्यूम कंट्रोल मला खरंच महत्त्वाचं वाटतं. स्वस्त अ‍ॅम्पचा नॉब अगदी खाली असताना डावा-उजवा कान सारखा वाजत नाही, गाणारी एका बाजूला सरकते, आणि जे रात्री हळू आवाजात ऐकतात त्यांना हे रोज छळतं. महागात रिलेचं स्टेपवालं कंट्रोल असतं, फिरवलं की टक टक टक असा आवाज येतो, त्यात ही भानगड नसते. पण आधी गेन स्विच (अ‍ॅम्प आवाज किती पट वाढवतो ते ठरवणारा) लो वर टाकून बघा, नॉब आपोआप वर येतो आणि पुष्कळदा एवढ्यानेच त्रास जातो.

स्वच्छ आवाज हे कारण मात्र आता राहिलं नाही. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या इंजिनिअरने ओटू नावाच्या अ‍ॅम्पचं डिझाइन मापनांसकट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि दाखवून दिलं की थोड्या पैशांत कानाला पुरून उरेल इतका स्वच्छ अ‍ॅम्प बनतो. मग २०१२ मध्ये शिट कंपनीचा मॅग्नी अ‍ॅम्प आला, २०१८ मध्ये जेडीएस लॅब्सचा अ‍ॅटम, दोन्ही ९९ डॉलरला. आजचे चांगले स्वस्त अ‍ॅम्प आपला गोंगाट आणि डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) गाण्याच्या १०० डेसिबलहून जास्त खाली ठेवतात, आणि सीडीची स्वतःची रेंजच ९६ डेसिबल आहे. आकाशवाणीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये टेपची जी सळसळ ऐकू येते ती अ‍ॅम्पच्या आवाजाच्या कितीतरी वर असते.

तरी फरक ऐकू येतो की नाही, खरं सांगा.

मी करून बघितलंय म्हणून सांगतो. गेल्या जानेवारीत भुसावळचा मित्र त्याचा महागडा अ‍ॅम्प घेऊन माझ्याकडे मुक्कामी आला, माझ्याकडे त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या किमतीचा. हेडफोन एकच, एचडी ६५०. दोन्ही अ‍ॅम्पला एकाच डॅकमधून सिग्नल दिला आणि ४०० हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटरने, हेडफोन लावलेला ठेवूनच, दोन्हीचा व्होल्टेज जुळवला. यात एक टक्क्याचा फरकसुद्धा चालत नाही कारण ०.१ डेसिबल म्हणजे साधारण तेवढंच होतं. (४०० यासाठी की साधे मल्टिमीटर एसीमध्ये त्याच्या फार वर गेलं की चुकीचं दाखवतात.) जुळवायलाच अर्धा तास गेला, नॉब केसभर हलला की आकडा पळायचा. मग मी भिंतीकडे तोंड करून बसलो, धाकट्या भावाने नाणं उडवून छापा-काट्यावर अ‍ॅम्प बदलायचे, मी फक्त पहिला की दुसरा एवढं सांगायचं, आणि मित्र वहीत लिहीत होता.

तानपुऱ्याचा एक लांब तुकडा लावला होता, त्या जवारीच्या झंकारात फरक असला तर सापडेलच असं मला मनापासून वाटत होतं आणि पहिल्या पाच वेळा मी अगदी खात्रीने उत्तरं दिली. १६ वेळा केलं. ९ बरोबर आली. १६ पैकी १२ आली असती तर काहीतरी ऐकू येतंय म्हणता आलं असतं, ९ म्हणजे नुसता अंदाज. मित्राची ७ आली. भाऊ मध्येच म्हणाला, "माले तं दोन्ही सारखंच वाटस भाऊ," आणि तो हेडफोनच्या नादी कधी लागला नव्हता. मित्र रात्रभर गप्प होता, सकाळी मात्र स्वतःच म्हणाला की पुढचा पैसा हेडफोनवर घालतो.

दोन्ही अ‍ॅम्प चांगल्या डिझाइनचे होते आणि हेडफोनला पुरेशी पॉवर देत होते, तेव्हाचं हे सांगतोय. दम अपुरा असेल किंवा अ‍ॅम्पच खराब असेल तर फरक नक्की येतो.

पण दुकानात महागडा लावला तेव्हा खरंच भारी वाटलं होतं, ते काय खोटं?

वाटलं ते खरंच वाटलं, कारण मात्र बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीचं असतं. थोडं मोठं वाजलं की बास जास्त भरल्यासारखा लागतो आणि बारीक गोष्टी उठून येतात. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. दोन अ‍ॅम्पचे नॉब नजरेने सारखे ठेवले म्हणजे आवाज सारखा झाला असं होत नाही. पुढच्या वेळी दुकानात आधी पातळी जुळवून द्या म्हणून सांगा, लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

ट्यूब अ‍ॅम्पचा गोडवा तरी खरा आहे ना?

तो खरा आहे आणि त्याचं कारणही मोजता येतं. बऱ्याच ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवाल्या) अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा, जास्त असतो, समजा १०० ओहम. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण बासमध्ये ९० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या जवळ जातो. हिशोब केला तर तिथला बास बाकीच्यापेक्षा जवळजवळ १ डेसिबलने वर येतो. तो ऊबदारपणा बराचसा हा आहे. आवडला तर जरूर घ्या, पण तोच फरक फुकटच्या इक्वलायझरने (बास-ट्रेबल कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर) करून बघा आधी. उलट अनेक ड्रायव्हरवाल्या (आत एकाहून जास्त छोटे स्पीकर असलेल्या) इयरफोनला असा अ‍ॅम्प लावू नका, त्यांचा इम्पिडन्स इतका वर-खाली होतो की गाण्याचा तोलच बिघडतो. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा हा सोपा नियम लक्षात ठेवा.

लॅपटॉपला लावलं की घूंऽऽ असा आवाज येतो. महाग अ‍ॅम्पने जाईल का?

हा प्रश्न आपल्या भागात सगळ्यात जास्त येतो, आणि याच्यावर मी स्वतः मोठी रक्कम घालवणार होतो. मे महिना होता. अ‍ॅम्प चालू केला की बारीक घूं, लॅपटॉपच्या धातूवर मनगट ठेवलं की मुंग्या. मला वाटलं अ‍ॅम्पचाच दोष, चाळीस हजारांचा कार्टमध्ये टाकून ठेवला होता. ओळखीचे वायरमन काका दुसऱ्याच कामाला आले होते, त्यांना सहज सांगितलं. त्यांनी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये मीटर लावला तर १४ व्होल्ट! काही न बोलता ते मागच्या अंगणात गेले. अर्थिंगच्या पाइपभोवतीची काळी माती वाळून अशी फाटली होती की भेगेत चार बोटं जातील, पाइपला माती चिकटलेलीच नव्हती. मीठ-कोळसा घालून चार बादल्या पाणी ओतलं, तासाभराने मीटर २ व्होल्टवर, घूं गायब, मुंग्याही गायब. आपल्या काळ्या जमिनीचं हे उन्हाळ्यात होतंच, तेव्हापासून एप्रिल लागला की मी दर आठवड्याला त्या खड्ड्यात पाणी घालतो.

तर आधी अर्थिंग बघा, आणि ते मोजायचं काम वायरमनलाच करू द्या. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघा, घूं गेली तर अ‍ॅम्पचा संबंध नाही. घरच्या इन्व्हर्टरवरच आवाज येत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का ते पाहा, त्यावर ट्रान्सफॉर्मरवाली सप्लाय कुरकुरतेच. आणि घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कोणी कापत असेल तर त्याचा हात धरा, जिवावर बेतणारं काम आहे ते.

आपल्या उन्हाळ्यात या वस्तू टिकतात का?

जळगावात पारा ४४-४५ ला जातो, आणि क्लास ए अ‍ॅम्प (सतत भरपूर करंट ओढणारा) तर थंडीतसुद्धा गरम चालतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणून हवा खेळेल अशी जागा द्या. आपल्याकडे टीव्हीवर जसं भरतकामाचं कव्हर घालतात तसं धुळीसाठी अ‍ॅम्पवर घालतात, घाला, पण वापरताना काढा.

आणि दुसरी गोष्ट कूलरची. मार्च ते जून माझ्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो, फोनच्या अ‍ॅपवर तो ६० डेसिबलच्या आसपास दाखवतो. त्यात ओपन बॅक (मागून उघडा, बाहेरचा आवाज आत येऊ देणारा) हेडफोन लावून शांततेतले बारकावे शोधणं शक्यच नाही. अ‍ॅम्पची परीक्षा घ्यायची तर डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरानंतर घ्या, पंखा बंद, कूलर बंद, लांबवर एखादी मोटार तेवढी ऐकू येते.

बॅलन्स्ड घ्यावा का?

त्याच अ‍ॅम्पच्या ४.४ मिलिमीटरच्या भोकातून साधारण दुप्पट व्होल्टेज मिळतो, जड हेडफोनला ते कामाचं. बाकी एवढ्या छोट्या वायरमध्ये बॅलन्स्डने आवाज सुधारत नाही.

भाचा अमेरिकेहून आणतोय, स्वस्त पडेल ना?

अडॅप्टरवर काय लिहिलंय त्याचा फोटो आधी मागवा. १०० ते २४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं १२० व्होल्ट एसी लिहिलं असेल तर आपल्या २३० वर लावताच जळतो, चाळीसगावच्या एका मित्राचा असाच पहिल्याच मिनिटात गेला, वास अजून आठवतो त्याला. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर किंवा आपल्या व्होल्टेजचा अडॅप्टर घ्यावाच लागतो, वॉरंटीही इथे बहुतेक मिळत नाही.

दोनशे तास नुसता वाजत ठेवून बर्न-इन केलं की अ‍ॅम्प खुलतो म्हणतात?

अ‍ॅम्प खुलत नाही, आपल्या कानाला सवय होते. आणि तोवर परत करायची मुदत निघून जाते, म्हणून आला की पहिल्याच दिवशी नीट तपासा.

जास्त पॉवरने कान जातात का?

नॉब वर नेला तर जातात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरते, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. लाइट जाऊन येताना काही अ‍ॅम्प दणका देतात, म्हणून लाइट गेली की हेडफोन काढून ठेवा आणि नॉब शून्यावर आणा, आपल्याकडे हे दिवसातून कितीदा होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मग महाग अ‍ॅम्प कोणी घ्यावा?

एचई-६ सारखा जड प्लेनार असेल त्याने. ६०० ओहमचा बायरडायनॅमिक असेल त्याने निदान व्होल्टेज भरपूर देणारा बघावा. जे इक्वलायझरने बास ६ डेसिबल वाढवतात त्यांनीही, कारण तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये एकूण पातळी तेवढीच खाली घ्यावी लागते आणि अ‍ॅम्पकडून दुप्पट व्होल्टेज मागावा लागतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. अतिशय संवेदनशील इयरफोनमध्ये सळसळ ऐकू येते त्यांनी कमी गोंगाटाचा घ्यावा, पण तो स्वस्तातही मिळतो. आणि ज्याला ती वस्तू टेबलावर बघून, तो जड नॉब फिरवून आनंद होतो त्याने खुशाल घ्यावा, आपल्या कमाईचा आहे, फक्त आवाजासाठी घेतला असं स्वतःला सांगू नये.

माझ्याकडे चाळीस हजार आहेत, तुम्ही काय कराल?

तीसच्या आसपासचा हेडफोन, आठ-दहाचा अ‍ॅम्प. हेडफोन बदलला की आवाज बदलतो आणि तो घरातल्या कोणालाही, आईलासुद्धा, पहिल्याच गाण्यात कळतो. मग विंडोजवर इक्वलायझर एपीओ टाका, फुकट आहे, आणि ऑटोइक्यू नावाच्या यादीतून तुमच्या हेडफोनची सेटिंग घ्या. एवढं करून दोन महिने ऐका. तरी काही कमी वाटलं तर ते नेमकं काय, आवाज पुरत नाही, सळसळ येते, की नॉब एका बाजूला ओढतो, ते कागदावर लिहून मग मला फोन करा.

सेकंडहँड घेऊ का?

घ्या की, अ‍ॅम्प हेडफोनसारखा झिजत नाही. समोर बसून नॉब शून्यापासून हळूहळू वर न्या, खर्र आवाज येतो का ऐका, दोन्ही कान सारखे वाजतात का बघा, हेडफोनचा जॅक आत घालून थोडा हलवा. जुना हेडफोन लावून चालू-बंद करताना दणका येतो का ते पाहा, चांगला हेडफोन पहिल्यांदा लावू नका. आणि अडॅप्टर मूळचा आहे का ते विचारायला विसरू नका, हरवलेला असला तर एसीच्या जागी डीसीचा लावून दिलेला असतो.